म्हैस उठू नये, गोदावरी उठावी

...अन् वरून मलेच विचारते, "आबाजी, कसा वाटला आवाज?"

आता तुमीच सांगा! चांगली चालती गाडी, गरीब गाईसारखी, आली कवा गेली कवा मालूम पडत नव्हतं, तिच्या बुडाखालचा कंपनीचा सायलन्सर काढून फेकला, नागपुरावरून दुसरा आणला, तोंड माझ्या मांडीएवढं, अन् चमकते असा का त्याच्यात पाहून माणसानं दाढी करावी! तो लावून पोट्टा अंगणात गाडी उभी करते, पाय दाबते, घर्रर्र... घुडुम घुडुम घर्रर्र... छपराचे कवेलू हालले बाप्पा! कवेलूतला उंदीर खाली उतरून माझ्याकडं पाहाले लागला का, हे काय चालू आहे! अन् हा खिडकीतून मुंडकं काढून विचारते, कसा वाटला आवाज?

मी काही बोललो नाही. मले जास्त बोलाची सवय नाही.

पोट्टा म्हणजे माझा नातू, प्रविण. त्याचे मायबाप जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राह्यतात, फॅक्टरीची बस, फॅक्टरीचा भोंगा, सारं कसं टायमावर. हा मात्र आमा दोघा बुढ्यांपाशी गावात. लाखनीत मोबाइलचं दुकान टाकलं त्यानं, सकाळी जाते, दुपारी जेवाले येते, पुन्हा जाते, संध्याकाळी येते. पोट्टा वाईट नाही. सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही. पण गाडीचं आहे! गाडीले पुसते, गाडीसंग बोलते, रविवारी गाडीखाली झोपते. मी म्हणतो, अरे, आमी बैलाले एवढं नाही चोळलं!

त्याले विचारलं, हे काय लावलं?

"आबाजी, याले फ्री फ्लो म्हणतात."

"म्हणजे?"

"म्हणजे धूर मोकळा जाते. इंजिनाले श्वास घेता येते. अन् बेस येते, बेस!"

"कोणाले?"

तो फडकं घेऊन काच पुसाले लागला. सांगतो तुमाले, एक शब्द बोलावा पण नेमका बोलावा.

मंग मले औषध आणाले लाखनीले जाचं होतं, बसलो त्या गाडीत. गावातून निघालो तोवर ठीक. हायवेले लागलो, साठाचा आकडा आला, अन् कानात भुंगा शिरला... घूंऽऽऽऽ... काचा बंद केल्या तर भुंगे दोन झाले! अन् त्या गुणगुणीनं माझी कवळी वाजाले लागली हो. तोंडातल्या तोंडात! टकटकटकटक... तोंड उघडलं तर वाजे, मिटलं तर डबल वाजे, जीभ लावून धरली तर जीभ गुदगुल्या करे. पोट्टा म्हणते, "आबाजी, काही म्हटलं का?"

मी काही म्हटलं नव्हतं. कवळी म्हणून राहिली होती.

घरी आलो तर फाटकात शोभाताई उभी. आमची शेजारीण. तिचा म्हशीचा कोठा अन् आमचं अंगण, मधात एक कंबरेएवढी भिंत. एक हात कंबरेवर, एका हातात रिकामी बाल्टी. मी समजलो.

"भाऊजी, आठ दिस झाले, माह्या म्हशीनं पान्हा चोरला! तुमच्या नातवाची गाडी आली का म्हैस उठते, दावं ताणते, बाल्टीले लात मारते अन् माह्याकडं असं पाह्यते का जसं मीच गाडी चालवून राहिली! इतकी वर्सं शेजारी राहिलो, तुमच्या घरून कधी भांडणाचा आवाज नाही आला, अन् आता का तुमच्या घरी इमान उतरून राहिलं जी?"

तिचं काय चुकलं? म्हैस खोटं बोलत नाही. अन् माझ्या घराचं नाव आवाजासाठी निघावं? माझ्या? तुमाले मालूम नाही म्हणून सांगतो, मले अक्षर कमी येते. तिसरीत शाळा सुटली. सही करतो, बसची पाटी वाचतो, बस्स. पण आवाज मी वाचतो! पंचवीस वर्सं धानाची गिरणी चालवली मी, रस्त्याच्या कडंले, डिझेलचं इंजिन, माणसाएवढं चाक. धुराचा पाइप छपरातून वर, अन् पाइपाच्या तोंडावर मी एक मडकं पालथं टांगलं होतं. मातीचं मडकं! हसू नका. मडकं नसलं का नुसतं फटफटफटफट, पलीकडच्या धानाच्या बांधीत जाऊन मरते. मडकं असलं का पुक... पुक... पुक... चार गावांत ऐकू जाये. बाया म्हणत, गिरणी लागली वो, काढा धान! अन् कोणतंही मडकं चालत नाही. कुंभाराच्या दारात बसून मी चाळीस-चाळीस मडकी बोटानं वाजवून पाहात होतो. कुंभार म्हणे, "सेवकरामभाऊ, मडकं पाहून राहिले का सून पाहून राहिले?" मी म्हटलं, "सून एकदाच आणाची आहे, मडकं दर साली."

अन् त्या मडक्याले मी दोरी बांधली होती. दुपारी भूक लागली का दोरी ओढाची, मडकं वर, आवाज बदलला, सोडली का पुन्हा पहिला. पुक पुक... फट फट... पुक पुक... असं तीन खेपा. घर तिथून बांध्या ओलांडून अर्ध्या कोसावर. तिथं चुलीपाशी गोदावरी, म्हणजे माझी बायको, ऐके अन् डबा घेऊन शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं निघे. फोन कोणाजवळ होता? पंचवीस वर्सं डबा चुकला नाही, अन् लाखोरीचं वरण एका खेपेलेही थंड नाही आलं. मंग लाइटवाली गिरणी आली गावात, आमचं इंजिन भंगारात गेलं, मडकं गोदावरीनं तुळशीपाशी ठेवलं. असा माणूस मी! अन् माझ्या अंगणात आवाजाची कागाळी?

शोभाताईच्या समोर, भिंतीवर हात ठेवून, पोट्ट्याले म्हटलं, "उद्या दुपारपर्यंत जुना सायलन्सर लाव. नाही तर गाडी या अंगणात दिसू नये. सेवकराम दोनदा बोलत नाही."

पोट्ट्याचं तोंड एवढंसं झालं. "जी आबाजी," म्हणाला. तुमाले सांगतो, वाद घातला असता तर बरं वाटलं असतं. पण संस्कार माझेच ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. गाडी मुकी. आली कवा, मलेही कळलं नाही. शोभाताईनं भिंतीवरून मान हालवली, म्हैस बसली, रवंथ कराले लागली. सारं जिथल्या तिथं. म्हटलं, चला, मिटलं.

कुठचं मिटते!

पोट्टा हातपाय धुऊन पाटावर बसला. मी बसलो. ताट नाही. चूल थंडी. पाहतो तर गोदावरी समोरच्या उंबरठ्यावर बसली, तोंड रस्त्याकडं, डोळे मिटलेले, हात कानामागं. आमी दोघं मांगून, सांदवाडीच्या दारानं आत आलो होतो, तिले पत्ता नाही.

आता गोदावरीचं सांगतो. तिचे कान गेले. एकदम नाही, चार-पाच वर्सं झाली, धानाच्या ढोलीतून दाणे जातात तसे हळूहळू गेले. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, बारीक आवाज पूरा गेला, जाडा थोडासा राहिला आहे. मशीन आणून देली. ते कानात शिट्ट्या मारते म्हणून तिनं हळदीच्या डब्याच्या बाजूले ठेवून देली. ऐकू येत नाही तर बोलणंही कमी झालं तिचं. माणूस स्वतःचा आवाज ऐकते म्हणून बोलते ना? अन् मी असा, मले जास्त बोलाची सवय नाही. म्हणजे घरात काय आवाज, तर माठाले पाणी झिरपते तेवढा.

मी गेलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला. एवढी दचकली, एवढी दचकली, का बाजूचा पाण्याचा गुंड लवंडला अन् गडगडत अंगणात गेला.

"अजी, तुमी कवा आले? मी गिरणीकडं कान देऊन बसली होती. आज बंद हाये का?"

गिरणी! गिरणी बंद होऊन बावीस वर्सं झाली!  म्हटलं, कान गेले, आता डोकंही चाललं बुढीचं. पण ती हसली. पदरानं तोंड पुसत म्हणते, "तसं काय पाह्यता? येडी नाही झाली मी. पोट्ट्याची गाडी होय ते, मले मालूम हाये. पण आवाज तसाच येत होता जी. कानात नाही, इथं." अन् छातीवर हात ठेवला. "आठ दिस मले घरात कोण आलं, कोण गेलं, कळत होतं. कोणी मांगून येऊन हात ठेवत नव्हतं. आज पुन्हा सारं बंद झालं."

आता बोला!

अन् तवा मले याद आली. त्या आठ दिवसांत मी गरम जेवलो होतो! गाडी अंगणात आली का ताटं मांडून तयार, भाताची वाफ निघून राहिली. अन् मले वाटलं, बुढी घड्याळ पाहाले शिकली! मी... आवाज वाचणारा सेवकराम... चार गावांचे कान मले मालूम होते, अन् घरातले दोन मालूम नव्हते.

मी काही बोललो नाही. गडगडत गेलेला गुंड उचलून आणला.

पण आता पंचाईत पाहा. शोभाताईच्या समोर शब्द देऊन बसलो. थुंकलेलं गिळाचं कसं? रातभर... नाही, जाऊ द्या. सकाळी चहा झाला अन् पोट्ट्याले म्हटलं, "गाडी काढ."

"कुठं जाचं, आबाजी?"

"सायलन्सर पाहाले."

"काढला ना तो! तुमीच तर म्हटलं..."

"मी काढ म्हटलं, कारण आवाज बरोबर नव्हता. बरोबर आवाज लावू नको असं म्हटलं का?"

पोट्टा माझ्याकडं पाहाले लागला जशी शोभाताईकडं म्हैस पाह्यते.

लाखनीत हायवेले कुंदनचं गॅरेज आहे. कुंदन म्हणजे तिशीतला पोरगा, हात काळे, कानात वायर, स्वतःले आवाजाचा मास्टर म्हणते. मी त्याले सांगितलं, "हे पाह्य. बुढीले ऐकू गेला पाह्यजे अन् म्हशीले नाही."

तो म्हणते, "बाबाजी, किती डेसिबल?"

मी म्हटलं, "म्हशीएवढे नको."

त्यानं मोबाइल काढला, त्याच्यात आवाज मोजाचं यंत्र, काटा इकडून तिकडं. म्हटलं, ठेव ते. त्याच्या गॅरेजात कोपऱ्यात जुन्या सायलन्सरचे डबे पडले होते, लहान, मोठे, चपटे, गोल. मी उकिडवा बसलो अन् एकेकाले पान्यानं वाजवाले लागलो. टण्ण... नाही. टिंग... नाही, हा म्हशीचा. ठप्प... हा तर मेलेला. कुंदन पोट्ट्याले डोळा मारून राहिला होता, मी पाहिलं. मारू देलं. अकराव्या डब्यानं म्हटलं, डुंम्म... मी म्हटलं, हा! हा मडक्याच्या जातीचा आहे.

मंग लागलो कामाले. डब्यात काचेचा कापूस भरते तो, कापूस बारीक आवाज खाते, जाडा सोडून देते. पाइप लांब केला का आवाज जाडा होते, आखूड केला का चिरकते. अन् ते साठावर कवळी वाजाचं? कुंदन म्हणे त्याले इलाज नाही, फ्री फ्लोमध्ये एवढं चालाचंच. चालाचंच? मी म्हटलं, मोठ्या पाइपाले बाजूनं एक हातभर पाइप जोड, अन् त्याचं तोंड बंद कर. आमच्या गिरणीच्या छपराची टिनं अशीच गुणगुणत, मी तेच केलं होतं. आवाज त्या बंद पाइपात जाते, भिंतीले आपटून परत येते, अन् बाहेर निघून आपल्याच भावाले मारते. दोघंही खलास!

कुंदनच्या कानातली वायर गळून पडली. "बाबाजी, हे तर परदेशातले लोक करतात! मी व्हिडिओत पाहिलं! तुमाले कोणं शिकवलं?"

"टिनानं."

पण गॅरेजात आवाज लावणं वेगळं अन् घरी लागणं वेगळं. म्हणून कुंदनले हत्यारांसकट गावात आणला. कालव्याच्या पुलावरून निघाचं, सावकाश अंगणापर्यंत याचं. गाडीत मी, कवळीसाठी. अन् भिंतीपाशी शोभाताई. तिले म्हटलं होतं, म्हैस कोठ्यात अन् गोदावरी उंबरठ्यावर तांदूळ निवडत बसली आहे, तू दोघींवर नजर ठेव, काही आवाजानं उठलं का ओरड. ती म्हणते, "भाऊजी, काल काढ म्हणता, आज लाव म्हणता, तुमचं काही खरं नाही." मी काही बोललो नाही. म्हशीच्या सरकी-ढेपीचे पैसे मी देईन, एवढंच बोललो. मंग ती भिंतीवर चढूनच बसली!

पहिली खेप. पूल, वळण, अंगण. शोभाताई ओरडते, "म्हैस बसली हाये! बुढीही बसली हाये!"

नापास. कापूस जास्त झाला. कुंदननं गाडीखाली शिरून मूठभर काढला. दुसरी खेप. "उठली! उठली! दोघीही उठल्या! बुढी इकडं पाहून राहिली, म्हैस खुंटा उपटून राहिली!"

पुन्हा नापास. कापूस थोडा परत, अन् पाइप एक वीत लांब. कुंदन घामानं निथळून राहिला, म्हणते, "बाबाजी, मी रेसच्या गाड्या लावल्या, पण अशी परीक्षा नाही पाहिली."

तिसरी खेप. पोट्ट्याले म्हटलं, हळू. पाय असा ठेव जसा झोपलेल्या लेकराजवळून जातो. पूल ओलांडला. डुम... डुम... डुम... डुम... मी डोळे मिटले. सांगतो तुमाले, मले धानाच्या कोंड्याचा वास आला. कवळी गप. वळण आलं. भिंतीवरून शोभाताई, "म्हैस बसली हाये! कान हालवला फक्त!"

"अन् गोदावरी?"

"बुढी... बुढी उठली... भाऊजी, बुढी घरात चालली गेली!"

"घरात काहून?"

"मले का मालूम! मले दिसून नाही राहिलं!"

गाडी अंगणात उभी. इंजिन चालू.  पोट्टा स्टेरिंगवर हात धरून बसला, कुंदन फाटकात पाना धरून उभा. म्हटलं, घाबरली का? आवाज जास्त झाला? कान दुखला का काय? मी दार उघडाले हात घातला, तेवढ्यात ती आली. हातात पितळी डबा. तोच. चेमटलेल्या झाकणाचा. बावीस वर्सांत मी तो पाहिला नव्हता, मले वाटलं विकला. सरळ गाडीच्या खिडकीपाशी आली, डबा आत देला.

"घ्या. लाखोरीचं वरण हाये, गरम हाये तवर जेवा." मंग गाडीच्या पत्र्यावर तिनं हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, अन् म्हणते, "मडकं चांगलं भेटलं जी या खेपेले."

पोट्टा तिकडच्या खिडकीतून बाहेर पाहाले लागला. पोट्ट्यांच्या डोळ्यांत लवकर धूळ जाते. मले विचारते, "आबाजी... कसा वाटला आवाज?"

मी काही बोललो नाही. डबा उघडला.

आता तुमाले वाटन, झालं, गोड झालं, संपलं. संपते का! गोदावरी पुन्हा बोलाले लागली, हे खरं. सकाळपासून बोलते. शेजारच्या गोष्टी, माहेरच्या गोष्टी, तीस सालाआधीचे माझे गुन्हे, सारं निघून राहिलं. ते चालते. पण त्या कुंदननं गोष्ट साऱ्या लाखनीत केली. आता पोट्टे गाड्या घेऊन माझ्या अंगणात येतात. लाखांदूरवरून आले परवा! "आबाजी, आमचाही लावून द्या, पोलीसवाले पकडतात, घरचे ओरडतात, तुमी म्हशीची परीक्षा घेता म्हणे?" शोभाताईनं म्हशीले न्हाऊ घालून ठेवलं आहे, रोज ढेप वसूल करते. अन् मले नाही म्हणता येत नाही, कारण नाही म्हणाले बोला लागते.

अन् गोदावरीचं गणित सरळ आहे. अंगणात डुम डुम झालं, का बुढा गिरणीवर भुकेला आहे. गाडी प्रविणची असो, लाखांदूरवाल्याची असो, बरोबर लागलेली गाडी आली का ताट! सकाळी नवाले जेवलो. साडेदहाले जेवलो. प्रविण आला तवा जेवलो. दोनले एक साकोलीचा आला, त्याचा आवाज लागला नाही तवा मी एवढा खूश झालो, म्हटलं वाचलो, तर त्या साकोलीवाल्यानं जाता जाता पाइप हालवला अन् नेमका लागला! पुन्हा वरण-भात. पोटावर दोन सदरे फाटले. डॉक्टर म्हणते, बाबाजी, या वयात खाणं कमी करा. गोदावरीले सांगू कसं? किती ओरडलो तरी ऐकत नाही, अन् हळू सांगितलं तर हसते अन् अजून एक पळी टाकते.

म्हणून तुमाले सांगून राहिलो. तुमी ऐकता म्हणून... थांबा.

ऐकलं?

पुलावर... डुम... डुम... डुम...

कोणाची आहे राजेहो? आताच तर जेवून पाणी पिऊन बसलो! अन् लागलाही आहे लेकाचा, एकदम लागला आहे, म्हशीनं कानही नाही हालवला... ते पाहा, बुढी उठली.

चला. मी जातो जेवाले. मी काही बोलणार नाही. मले जास्त बोलाची सवय नाही.